वॉर्डात नेण्याआधी

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

भाच्याला बालमनोविकार विभागात दाखल करायचं ठरतंय आणि ताईने 'पोराला बांधून तर ठेवणार नाहीत ना?' असा धोशा लावलाय, हे तुझ्या पत्रातून कळलं. तिला आधी सांग, ती स्वतः त्याच्यासोबत राहणार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम ८७: अठराच्या आतल्या मुलाजवळ पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने पूर्ण मुक्काम राहायचं, आणि मुलाची सोय मोठ्यांपासून वेगळी हवी. कोंडून ठेवायला आणि साखळीला कायद्याने बंदी आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला निघालाच, तर तेवढ्यापुरतं धरून ठेवतात. तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, आणि किती वेळ व का याची केसपेपरवर नोंद करून. ती नोंद मागायला ताईने संकोचू नये. तिला त्याला घरी न्यायचं असलं तर तसं सांगता येतं.

आता वही. आजपासूनच घाला. तीन रकाने आखा: आधी काय घडलं, त्याने काय केलं, मग घरच्यांनी काय केलं. 'फार चिडला' असं लिहिलेलं डॉक्टरांच्या काही कामाचं नाही. 'संध्याकाळी ७, मोबाइल काढून घेतला. ताट भिरकावलं, २० मिनिटं किंचाळला. आजीने मोबाइल परत दिला.' असं हवं. गोम बहुधा तिसऱ्या रकान्यात सापडते! सोबत झोपेच्या वेळा, शाळेचे शेरे, कधी फिट आली असेल तर ते, आणि आधीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या.

वॉर्डात बहुधा ताऱ्यांचा तक्ता लावतील: ठरलेली गोष्ट केली की एक तारा. त्यात दोन-तीनच गोष्टी असाव्यात, आणि मोजता येतील अशा. 'शहाण्यासारखा वाग' हे मोजणार कसं? 'हाक मारल्यावर पाच मिनिटांत पानावर बसला' हे मोजता येतं. तारा जागच्या जागी द्यायचा, रात्री हिशेब करून नाही. कमावलेला तारा रागाच्या भरात परत घेतला की तक्ता फुकट गेला म्हणून समजा. हट्ट पुरवणं थांबवलं की पहिले काही दिवस आरडाओरडा वाढतो. तो वाढतोय म्हणून उपाय फसला असं घरच्यांना वाटतं, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी पाघळतं. मग पोरगं शिकतं, अजून अर्धा तास ताणलं की मिळतं.

गोळ्यांचं थोडक्यात. रिस्पेरिडोन या गोळीने मारहाण, चिडचिड कमी होते, पण भूक सुटते. सुरू करण्याआधी वजन, उंची, कंबरेचा घेर, उपाशीपोटी साखर आणि रक्तातली चरबी बघून घ्या, पुढे वजनावर लक्ष ठेवा. छाती फुगल्यासारखी वाटली तर लाजून गप्प बसू नका. हेही औषधाने होऊ शकतं. बरं वाटतंय म्हणून मनाने गोळी बंद करायची नाही.

सगळ्यात जास्त घोळ घरी आल्यावर होतो. वॉर्डात उठण्या-झोपण्याच्या वेळा ठरलेल्या, मोबाइल नाही, भावाशी भांडण नाही. पोरगं शांत दिसणारच. म्हणून घरी सोडण्याआधी एक-दोन रात्री घरी राहून बघायला मिळतं का, विचारा. वर्गशिक्षिकेशी डॉक्टरांचं बोलणं करून द्या. आणि आजीला डॉक्टरांकडच्या दोन बैठकांना तरी घेऊन जा, नाहीतर तिसरा रकाना होता तसाच राहील.

रात्री-अपरात्री अडलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे. मराठीत बोलता येतं.

तुझा,
सुधीर