अपघाताचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांस अनावृत आभारपत्र

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

स्कायडायव्हर्सना घेऊन निघालेल्या ज्या छोट्या विमानाच्या अपघातात माझा धाकटा भाऊ गेला, त्याचा तपास अहवाल नुसता पाठवून दिला असता तरी तुमचे कर्तव्य पूर्ण झाले असते. तुम्ही मात्र घरी आलात आणि दोन तास आईसमोर बसलात.

"सगळ्यांच्या पाठीवर पॅराशूट होते, मग त्यांनी उड्या का मारल्या नाहीत?" हा आईचा प्रश्न होता. सांत्वनाला येणारेही तेच विचारत, आणि त्या विचारण्यात नकळत मुलांनाच दोष दिला जाई. तुम्ही खोडरबरावर पट्टी आडवी तोलून ठेवलीत आणि तिच्यावरची नाणी एकेक करून मागच्या टोकाकडे सरकवलीत. उडीची वेळ आली की सगळे दाराजवळ जमतात, वजन मागे जाते, विमान शेपटीकडे जड होते. अशा वेळी वेग कमी असेल तर नाक वर उचलले जाते, पंखांची उचल संपते आणि विमान गिरक्या घेऊ लागते, हे त्या पट्टीवरून आईला समजले. गिरक्या घेणाऱ्या विमानात शरीर असे दाबले जाते की हातभर अंतरावरचे दारही गाठता येत नाही, हेही तुम्ही न टाळता सांगितलेत.

स्वीडनमध्ये उमेओ येथे १४ जुलै २०१९ रोजी असेच शेपटीकडे जड झालेले विमान कोसळून त्यातील नऊही जण गेले, आणि फिनलंडमध्ये यामियार्वी येथे २० एप्रिल २०१४ रोजी पंखाच्या आधारदांड्याला तडा गेल्याने कोसळलेल्या विमानातील अकरापैकी तिघेच बाहेर पडू शकले, हे तुमच्याकडून ऐकल्यावर आईच्या मनातली 'माझा मुलगा घाबरला असेल का' ही सल निघाली. हे काम आमच्या कोणाच्याही समजावण्याने झाले नव्हते.

निघताना तुम्ही त्याचे मनगटी उंचीमापक काच पुसून, मऊ कापडात गुंडाळून आईच्या हाती दिलेत. पट्ट्याचे तिसरे भोक ताणून लांबट झाले होते. त्यावरून आईने ते लगेच ओळखले. प्रत्येकाचे साहित्यासह वजन आणि विमानातील जागा उड्डाणापूर्वी नोंदवावी, ही तुमच्या अहवालातील शिफारस मी तिला पुन्हा वाचून दाखवली, तेव्हा ते तिच्या मुठीतच होते.

या सगळ्याबद्दल आम्ही कुटुंबीय तुमचे मनापासून ऋणी आहोत. आता कोणी तो जुना प्रश्न विचारला, तर आई स्वतःच पट्टी आणि खोडरबर मागून घेते.

आपली कृतज्ञ,
त्याची थोरली बहीण