विषय: फ्लाइट सिम्युलेटर अडकत चालतो, आणि ‘बॅकग्राउंड प्रोग्राम बंद करा’ हे उत्तर आता पुरे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

तुमचा फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा प्रोग्राम, माझ्याकडे अडकत चालतो, आणि त्याबद्दलचं माझं तक्रारीचं तिकीट तुम्ही परत एकदा ‘समस्या सोडवली’ असा शेरा मारून बंद केलंय. सोडवलं काहीच नाहीये. उत्तर तेच, बॅकग्राउंडला चालणारे सगळे प्रोग्राम बंद करा, ड्रायव्हर अपडेट करा, कॉम्प्युटर रिस्टार्ट करा. दर वेळी उत्तर देणारा माणूस नवीन आणि मजकूर मात्र स्वल्पविरामासकट तोच. म्हणून या वेळी सगळं सविस्तर लिहितोय, ज्याच्याकडे हे जाईल त्याने कृपा करून शेवटपर्यंत वाचावं आणि मगच ते तयार उत्तर चिकटवायचं की नाही ते ठरवावं.

आधी मशीन सांगतो. आठ कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, विंडोज आणि सिम (तुमचा सिम्युलेटर) दोन्ही एसएसडीवर. तुमच्या ‘शिफारस केलेलं’ या रकान्यात हे आरामात बसतं. दहा हजार फुटांवर मोकळ्या आकाशात सगळं मस्त चालतं, पण मोठ्या शहराजवळच्या मोठ्या विमानतळावर उतरायला गेलं की २६ एफपीएस, म्हणजे सेकंदाला जेमतेम २६ चित्रं (फ्रेम), आणि मधेमधे झटके.

आता, बॅकग्राउंड प्रोग्राम बंद करून काहीच होत नाही असं माझं म्हणणं नाही बरं का. क्लाउड सिंक चालू असेल, ब्राउझरमधे पंचवीस टॅब उघडे असतील, गेम बारचं बॅकग्राउंड रेकॉर्डिंग चालू राहिलं असेल, तर फरक पडतोच, आणि १६ जीबीच्या मशीनवर रॅम भरली की विंडोज पेजफाइलकडे, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेकडे, धावतं आणि मग झटके बसतात हे मलाही माहितीये. ते सगळं मी सिम चालू करायच्या आधीच बंद करतो. तुमच्या सांगण्यावरून एमएसकॉन्फिगमधून क्लीन बूट पण करून बघितलं, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवून बाकीच्या सगळ्या बंद. त्यानंतर टास्क मॅनेजरमधे शंभरच्या वर प्रोसेस उरतात आणि तुमच्या माणसाने तो आकडा बघून ‘अजून खूप प्रोसेस चालू आहेत’ असं लिहिलं. अहो, त्या झोपलेल्या आहेत! सीपीयूच्या (प्रोसेसरच्या) रकान्यात शून्य टक्के लिहिलंय त्यांच्यापुढे. नुसत्या संख्येवरून काय कळणार आहे?

आकडे देतो. त्याच विमानतळावर, त्याच धावपट्टीच्या टोकाला, तेच विमान आणि तेच हवामान ठेवून मोजलं. नेहमीसारखं वापरताना फ्रेम टाइम, म्हणजे एका फ्रेमला लागणारा वेळ, सीपीयूचा ३८ मिलीसेकंद, जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डचा) १४. सगळं बंद करून क्लीन बूट केल्यावर सीपीयूचा ३७, जीपीयूचा १४. म्हणजे २६ चे २७ एफपीएस झाले. एक फ्रेम! नंतर मी बॅकग्राउंडला हातही न लावता फक्त एआय ट्रॅफिक (सिमने स्वतः चालवलेली बाकीची वाहतूक) आणि ऑब्जेक्ट डेन्सिटी (इमारती वगैरेंची दाटी) हे दोन स्लायडर खाली आणले आणि फ्रेम टाइम २९ वर आला, म्हणजे ३४ एफपीएस. हे दोन स्लायडर खाली करा असं तुमच्यापैकी एकानेही सांगितलं नाही. उलट रिझोल्यूशन कमी करा म्हणून सांगितलं, जे जीपीयूचं काम आहे, आणि माझा जीपीयू तर निम्म्याहून जास्त वेळ रिकामा बसलेला आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दुसऱ्या एका उत्तरात लिहिलंय की टास्क मॅनेजर एकूण सीपीयू १८ टक्केच दाखवतोय म्हणजे प्रोसेसरवर लोड नाही. माझ्या प्रोसेसरला ८ कोअर आणि १६ थ्रेड आहेत, म्हणजे एका वेळी १६ कामं चालू शकतात. तुमच्या सिमचा मुख्य थ्रेड (मेन थ्रेड, म्हणजे एकामागून एक चालणारी कामाची मुख्य रांग) एकच, तो पूर्ण भरून वाहिला तरी एकूण आकड्यात तो ६ टक्क्यांच्या आसपासच दिसणार, आणि विंडोज त्याला या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत राहतं त्यामुळे कधीकधी कुठलाच आलेख १०० ला टेकलेला पण दिसत नाही. बाकीचे थ्रेड वाट बघत बसतात. हे तुमच्या प्रोग्रामरना विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं.

आणि फ्लाइट सिम उडवणाऱ्याला ‘सगळे बॅकग्राउंड प्रोग्राम बंद करा’ सांगणं म्हणजे अर्धं कॉकपिट बंद करा सांगण्यासारखं आहे. जॉयस्टिकचं सॉफ्टवेअर बॅकग्राउंडला, हेड ट्रॅकिंग बॅकग्राउंडला, हवामान आणणारा प्रोग्राम, चार्ट, फ्लाइट प्लॅन, ऑनलाइन एटीसीचा (हवाई वाहतूक नियंत्रणाचा) क्लायंट, सगळं बॅकग्राउंडलाच. तुमची यादी हातात धरून एकेक बंद करत गेलो तर थ्रॉटलचं प्रोफाइल उडालं, रिव्हर्स थ्रस्टचं बटन मेलं आणि विमान धावपट्टी संपेपर्यंत थांबेना. फ्रेम मात्र तेवढेच. तुमच्यापैकी कोणी कधी विमान उतरवून बघितलंय का हा प्रश्न पडतो, की नुसतंच उंटावरून शेळ्या हाकणं चाललंय.

आता खरा मुद्दा. माझ्या मशीनवर सगळ्यात त्रासदायक बॅकग्राउंड प्रोग्राम तुमचाच आहे. तुमचा लाँचर, म्हणजे सिम चालू करून देणारा तो छोटा प्रोग्राम.

सिम चालू झाल्यावर लाँचरचं काम संपतं ना? मग तो बंद का होत नाही? विंडो बंद केली तरी तो घड्याळाशेजारी कोपऱ्यात जाऊन बसतो, आत एक अख्खा ब्राउझर घेऊन, पाच-सहा प्रोसेस आणि सगळ्यांची मिळून जवळजवळ एक जीबी रॅम, कशासाठी तर तुमच्या नवीन विमानांच्या जाहिराती दाखवायला. एंड टास्क केलं की थोड्या वेळाने परत हजर, कारण मागे त्याची सर्व्हिस ‘ऑटोमॅटिक’ लावून ठेवलीये. स्टार्टअपमधून काढला तर पुढच्या अपडेटनंतर तिथे पुन्हा ‘एनेबल्ड’. ही परवानगी मी कधी दिली?

परवाचंच सांगतो. आयएलएसवर (धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ संकेतांवर) उतरत होतो, हजार फूट, चाकं खाली, फ्लॅप पूर्ण, वेग बरोबर, सगळं जमून आलेलं. एकदम आवाज तडतडायला लागला, चित्र थांबलं, सुटलं, परत थांबलं, आणि जेव्हा नीट दिसायला लागलं तेव्हा मी सेंटरलाइनच्या बराच डावीकडे, बँक झालेलं विमान, आणि उंची दीडशे फूट. सावरायला वेळच नव्हता. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला तर डिस्कचा रकाना लाल, १०० टक्के, आणि सगळ्यात वर तुमचा अपडेटर, कुठलंतरी पॅकेज उतरवून उघडत बसलेला. फ्लाइटच्या मधेच, न विचारता! स्क्रीनशॉट जोडलाय. दोन तासांची फ्लाइट गेली ती गेली. आणि याच्यावर तुमचं उत्तर आलं, बॅकग्राउंड प्रोग्राम बंद करा. बंद करायला मी तयार आहे हो, तुम्ही करू द्याल तर.

अजून एक, तुम्ही पाठवलेली ती ‘परफॉर्मन्स गाइड’ लगेच मागे घ्या, नाहीतर कोणाचंतरी नुकसान होईल. त्यात लिहिलंय की ओळखीच्या नसलेल्या प्रोसेस एंड करा. सीएसआरएसएस ही विंडोजची स्वतःची प्रोसेस, हे नाव किती लोकांना ओळखीचं आहे? ती मारली की विंडोज जागच्या जागी कोसळतं. अँटीव्हायरस पूर्ण बंद करा लिहिलंय, का बरं? सिमचं फोल्डर एक्सक्लूजनमधे (न तपासायच्या यादीत) टाकलं तरी काम होतं. प्रायॉरिटी ‘रिअलटाइम’ करा लिहिलंय, त्याने माउस-कीबोर्ड आणि आवाजच अडकायला लागू शकतात. आणि तो रॅम साफ करणारा बूस्टर, तो बाकी प्रोग्रामना रॅममधून जबरदस्तीने बाहेर काढतो आणि मग तीच माहिती डिस्कवरून परत आणावी लागते, म्हणजे झटके कमी न होता वाढतात. ही गाइड ज्याने लिहिली त्याने स्वतःच्या मशीनवर करून बघावी.

मला काय हवंय ते लिहितो. सिम चालू झाल्यावर लाँचर पूर्ण बंद व्हावा असा पर्याय सेटिंगमधे द्या आणि अपडेट आला तरी तो तसाच राहू द्या. फ्लाइट चालू असताना कुठलंही डाउनलोड सुरू होता कामा नये. आणि माझं तिकीट अशा माणसाकडे द्या ज्याला मेन थ्रेड म्हणजे काय ते माहितीये, कारण शिफारस केलेल्या मशीनवर २६ एफपीएस हेच अपेक्षित आहे का, याचं हो किंवा नाही असं लेखी उत्तर मला पाहिजे. उत्तर हो असेल तर ती शिफारस बदला आणि माझे पैसे परत करा.

लॉग फाइल, टास्क मॅनेजरचे स्क्रीनशॉट आणि दोन्ही वेळच्या फ्रेम टाइमचे आकडे सोबत जोडलेत. या वेळी तिकीट बंद करायच्या आधी मला विचारा.

आपला,
एक ग्राहक