गोधडीचं आजीला सांगू नका

रॉयटलिंगेन, जर्मनी, १६ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवते, झोपते, खोलीत हीटर आहे. व्हिडिओ कॉलवर गाल बसलेले दिसतात ते दिव्यामुळे.

आई, "चादरी-अभ्र्यांचं काय शिकायचं असतं?" असं तू मावशीला म्हणालीस, ते ऐकलंय मी. अगं, इथं १८५५ साली विणकामाची शाळा निघाली, तिचंच हे कॉलेज झालंय! परवा शिकवलं, की वस्तू नुसती हाताळली तरी ती आपलीच वाटायला लागते आणि माणूस तिला जास्त मोल देतो. पेक आणि शू या दोघींचा २००९चा अभ्यास. मला आपला लक्ष्मी रोड आठवला. "घेऊ नका हो, बघा तरी" म्हणत दुकानदार चादरींचा ढीग उलगडतो आणि तू एकेक चिमटीत धरून चोळून बघतेस. त्याला हे कुणी शिकवलं होतं? इथे चादर बंद पाकिटात, वर नुसते आकडे.

आणखी एक गंमत. नवरा-बायको एकाच पलंगावर, पण पांघरुणं दोन. भांडण नाही हं! एकाला उकडतं, एकाला गारठा, मग ओढाओढ नको, म्हणून ज्याचं त्याचं १३५ बाय २०० सेंटिमीटरचं. उशी ८० बाय ८०, चक्क चौकोनी, मान बुडते. सकाळी पांघरूण खिडकीत टाकतात. ओलं नसतं, हवा खायला! बाहेर बर्फ असला तरी. अभ्रे पुष्कळांकडे पांढरे, कारण साठ अंशांवर धुता येतात, मशीनमध्ये नव्वदचीही सोय असते. पांढरं म्हणजे स्वच्छ. आजी म्हणेल, घराचा दवाखाना केलाय.

तर, त्याच नादात मी तिची गोधडी साठवर टाकली. लाल नऊवारीचा रंग निथळला, कडेचे टाके उसवले. मी पुन्हा घातलेत, वाकडेतिकडे. ऊब तेवढीच आहे. आजीला सांगू नका.

हप्त्याचे पंधरा हजार पाठवलेत. पार्टटाइम कामाने अभ्यास बुडत नाही, बाबा. माझ्या स्थळाचं ताईचं झाल्यावर बघू. ताईच्या लग्नाची तारीख नेमकी माझ्या परीक्षेत आली. तिकिटाचे पैसे नाहीत म्हणून नाही, खरंच परीक्षा आहे. जादा पाच हजार आहेत ते रुखवतात मांडायच्या सोलापुरी चादरींच्या जोडासाठी. लालच घ्या. आणि बाबा, घाई करू नका, आईला चार-दोन दुकानं बघू द्या.

तुमची,
मनू