‘तुम्हालाच का घ्यावे?’ याचे उत्तर केलेल्या कामात असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या नोकरीविषयक पानावर मुलाखतीला जाणाऱ्या तरुणांसाठी ‘आम्ही तुमचीच निवड का करावी?’ या प्रश्नाची काही नमुना उत्तरे नुकतीच वाचनात आली. मुलाखतीच्या नावाने धास्तावलेल्या मुलांना आधार मिळावा, हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. परंतु अशा तयार उत्तरांनी मुलांचे भले होण्याऐवजी नुकसानच अधिक होते, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे आणि ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पिंपरी-चिंचवड परिसरातील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याला लागणारी हत्यारे आणि साचे बनवणाऱ्या विभागात, मी ३१ वर्षे काम केले आणि त्यांतील शेवटची १६ वर्षे फिटर, टर्नर, मशिनिस्ट तसेच शिकाऊ उमेदवार यांच्या मुलाखती घेणाऱ्या मंडळावर होतो. हाच प्रश्न मी स्वतः शेकडो मुलांना विचारला आहे.

त्याला येणारे उत्तर जवळपास ठरलेले असे. मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, वक्तशीर आहे, नवीन गोष्टी लवकर शिकतो आणि दडपणाखालीही काम करू शकतो, ही पाच वाक्ये त्याच क्रमाने, बहुतेक वेळा पाठ केलेल्या इंग्रजीत, एकामागून एक उमेदवार म्हणून दाखवत असे. एका सकाळी चौदा जणांच्या मुलाखती झाल्या, त्यांपैकी अकरा जणांनी हेच सांगितल्याचे मला आठवते. ही मुले खोटे बोलत होती असे मी मुळीच म्हणणार नाही. त्यांतली बरीचशी खरोखरच मेहनती होती, काही जण तर रात्रीच्या एस.टी.ने प्रवास करून, स्टँडवर तोंड धुऊन आलेली असत. पण अकरा जण एकच गोष्ट सांगतात तेव्हा त्यांतून एकाला निवडण्यासाठी मुलाखत घेणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही, आणि मग निवड होते ती उच्चार, पोशाख, चेहऱ्यावरचा धीटपणा आणि ओळखीपाळखी यांवर. विशेषणे पाठ करून आलेला उमेदवार नकळत आपली सगळी पुंजी घरी ठेवून येतो.

एक प्रसंग मला सांगितलाच पाहिजे. करमाळ्याकडचा एक मुलगा फिटरचे दोन वर्षांचे प्रशिक्षण संपवून आमच्याकडे आला होता. प्रश्न इंग्रजीत विचारला गेला, त्याने पाठ केलेले उत्तर सुरू केले आणि तिसऱ्या वाक्यावर तो अडला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा त्याच जागी अडला. त्याच्या हातातली प्लॅस्टिकची फाइल घामाने ओली झालेली मला दिसत होती. माझ्यासमोर टेबलावर पितळेचे एक बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती आखूड नळी, पडले होते आणि त्याचे ड्रॉइंगही होते. भोक २५ मिलिमीटर, वर ०.०२१ मिलिमीटरची मुभा आणि खाली शून्य, म्हणजे भोक फार तर तेवढेच मोठे चालेल, लहान मुळीच नाही. मी ते बुश त्याच्या हातात दिले आणि मराठीत विचारले, “हे भोक बरोबर आहे की नाही, ते कसं बघशील?” त्याने ड्रॉइंग ओढून घेतले, बुशच्या कडेवरून अंगठा फिरवून ‘बर’, म्हणजे तासल्यावर राहणारी धारदार कड, आहे का ते पाहिले आणि म्हणाला, “व्हर्नियरने नाही जमणार, साहेब. त्याचं सगळ्यात बारीक माप, लीस्ट काउंट, ०.०२ आणि इथं सगळी मुभाच तेवढी. भोकात घालून बघायचं प्लग गेज असंल तर त्याची गो बाजू सहज आत गेली पाहिजे आणि नो-गो बाजू अडली पाहिजे. गेज नसंल तर बोअर गेज द्या.” थोडे थांबून त्याने आपणहून विचारले, “हे लेथवरून आत्ताच काढलंय का? गरम असंल तर मी थांबतो.”

हे कुठे शिकलास, असे विचारल्यावर त्याने जे सांगितले ते ऐकून मी थक्क झालो. चुलत्याच्या विहिरीवरच्या पंपाचे बुश त्याने गावातल्या लेथवाल्याकडे बसून करून घेतले होते, घाईत गरम असतानाच मोजले होते आणि शेतात नेऊन बसवायला गेला तेव्हा थंड होऊन भोक आकसलेल्या बुशमध्ये शाफ्ट शिरेचना. ऊस पाण्यावाचून दोन दिवस उभा राहिला आणि चुलत्याची बोलणी खावी लागली. तेव्हापासून तासलेली वस्तू थंड झाल्याशिवाय आपण मोजत नाही, असे तो म्हणाला. लांबीची सगळी मापे २० अंश सेल्सिअस तापमानाला धरायची असतात, हे वाक्य पुस्तकात प्रत्येकाने वाचलेले असते. या मुलाने ते वाळत्या उसापाशी उभे राहून शिकून घेतले होते. ‘तुम्हालाच का घ्यावे?’ या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मी सोळा वर्षांत ऐकलेले नाही.

त्याची निवड झाली नाही. गुणपत्रिकेत ‘संभाषणकौशल्य’ असा एक रकाना होता आणि मी मराठीत बोलायला सुरुवात करण्यापूर्वीच शेजारच्या सहकाऱ्यांनी तो भरून टाकला होता. मी हरकत घेतली, पण दुपारपर्यंत यादी वर पाठवायची होती आणि अखेर त्या कागदावर मीही सही केली. त्या सहीचा सल आजही गेलेला नाही.

म्हणून मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला माझे कळकळीचे सांगणे आहे की, या प्रश्नाची तयारी स्वतःच्या गुणांची यादी करून होत नाही. जाहिरात समोर घेऊन बसावे, त्या जागेवरच्या माणसाला सकाळी कामावर आल्यापासून सुटी होईपर्यंत प्रत्यक्ष काय करावे लागेल हे शब्दाशब्दांतून काढावे, कळत नसेल तर त्या कामावरच्या कोणाला तरी विचारावे आणि मग त्यातले आपण कधी, कुठे, काय केले आहे ते आठवावे. हायड्रॉलिक प्रेसच्या देखभालीसाठी तीन पाळ्यांत काम करणारा माणूस हवा असेल, तर “मी मेहनती आहे” असे म्हणण्यापेक्षा “शिकाऊ असताना मी सहा महिने प्रेसच्या खात्यात होतो, सिलिंडरचे सील बदलण्याचे काम मी आधी उस्तादांच्या हाताखाली आणि नंतर एकट्याने केले आहे, रात्रपाळीची मला सवय आहे, व्हॉल्व्हचे काम मात्र मी अजून स्वतः केलेले नाही, ते शिकावे लागेल” असे म्हणावे. यात मेहनत, प्रामाणिकपणा आणि शिकण्याची तयारी यांपैकी एकाही शब्दाचा उच्चार नाही आणि तरी ऐकणाऱ्याला तिन्ही गोष्टी पटतात. जे येत नाही ते सांगितल्याने गुण कमी होतील, अशी भीती मुलांना वाटते. यंत्रावर माणूस उभा करणारा मात्र ते ऐकून निर्धास्त होतो, कारण न येणारे काम येते म्हणून सांगणाऱ्याच्या बोटांना यंत्राजवळ काय धोका असतो, हे त्याला ठाऊक असते.

आणखी एक उत्तर वारंवार येते आणि ते ऐकताना जीव तुटतो. “साहेब, घरची परिस्थिती फार बिकट आहे, मला नोकरीची नितांत गरज आहे.” गरज खरी असते, पण तीही बाहेर बसलेल्या प्रत्येकाची सारखीच असते, आणि मुलाने ती पुढे केली की त्याच्या कामाबद्दल बोलायचे राहूनच जाते.

आपल्या घरांमध्ये आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये, असा संस्कार असतो. तो मलाही प्रिय आहे. पण त्यामुळे खेड्यातून आलेली मुले या प्रश्नापुढे गप्प होतात आणि ‘बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे सोनेही खपत नाही’ या म्हणीचा प्रत्यय दर वर्षी येत राहतो. स्तुती वेगळी आणि हिशेब वेगळा, एवढे या मुलांना कोणीतरी समजावून सांगायला हवे. त्यांचे वडील पाहुण्यांसमोर “मी फार हुशार शेतकरी आहे” असे कधी म्हणणार नाहीत, पण एकरी किती टन ऊस निघाला, लागण कधी केली, पाणी किती दिवसांआड दिले, हे ते न लाजता सांगतात आणि ऐकणारा जे समजायचे ते समजतो. मुलाखतीतही असाच हिशेब द्यायचा असतो.

मुलींच्या बाबतीत तर या प्रश्नापर्यंत गाडी पोचतच नाही. मशिनिस्टचे प्रशिक्षण घेतलेल्या मुलीला तिने मिलिंग मशीनवर काय काय केले हे विचारण्याआधी “लग्न झाल्यावर काय करणार?” असे विचारलेले मी अनेकदा ऐकले आहे. भरती करताना स्त्री-पुरुष असा भेद करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली आणि ती तरतूद २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. कायद्याचे बाजूला ठेवले तरी, ज्या मुलीने दोन वर्षे मुलांच्या वर्गात राहून हा ट्रेड पुरा केला, तिला तिच्या कामाबद्दल बोलू न देणे हा तिच्यावर उघड अन्याय आहे.

प्रश्न विचारणाऱ्यांकडेही वळले पाहिजे, कारण माझ्या मते दोष अधिक त्यांचा, म्हणजे आमचा आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीला असतात आणि लेखी परीक्षा मराठीतून देणाऱ्या उमेदवाराला ही मुलाखतही मराठीतून देता येते. जिल्हाधिकारी होऊ पाहणाऱ्याला जी मुभा आहे ती भोसरीच्या कारखान्यात फिटर होऊ पाहणाऱ्याला का नसावी? त्याचे पुढचे सगळे आयुष्य ज्या शॉप फ्लोअरवर जायचे, तिथली भाषा मराठी आणि हिंदी असते. जिथे परदेशी ग्राहकाशी बोलायचे आहे किंवा इंग्रजीतून अहवाल लिहायचे आहेत, तिथे इंग्रजी अवश्य तपासावे. पण हत्यार धरणाऱ्या हाताची परीक्षा इंग्रजी वाक्यांनी घेऊ नये.

दुसरे असे की, मुलाखत घेणारे अनेकदा कोणतीही तयारी न करता बसतात आणि प्रत्येकाला सुचेल तो प्रश्न विचारतात. श्मिट आणि हंटर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी निवडपद्धतींवरील ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा १९९८ मध्ये प्रसिद्ध केला. कामाचा प्रत्यक्ष नमुना करून घेणे आणि सर्वांना तेच ठरलेले प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत, या दोन्हींवरून माणूस पुढे कसे काम करील याचा अंदाज सैल गप्पांच्या मुलाखतीपेक्षा बराच चांगला येतो, असे त्यात दिसून आले. पुढे २०२२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हे आकडे पुन्हा तपासले तेव्हाही ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत वरच्याच स्थानावर राहिली. आमच्या टूलरूममधल्या जुन्या उस्तादांना हे संशोधन माहीत नव्हते, पण ते नव्या मुलाच्या हातात कानस देऊन चौकोनी तुकडा सपाट करायला लावत आणि काटकोन्या उजेडासमोर धरून पाहत.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ आणि ‘ड’ तसेच गट ‘ब’ मधील अराजपत्रित पदांसाठी मुलाखती बंद केल्या. वशिलेबाजीला आळा घालणे हा त्यामागचा विचार होता आणि तो मला मान्य आहे. तिथेही आवश्यक त्या पदांसाठी कौशल्यचाचणी ठेवण्यात आलेली आहे. खासगी कारखान्यांत मात्र मुलाखत राहणारच आहे आणि त्या दहा मिनिटांचे फळ एखाद्या कुटुंबाला वर्षानुवर्षे भोगावे लागते. त्यामुळे प्रश्न आधी लिहून काढणे, सर्वांना तेच विचारणे, उमेदवाराच्या भाषेत बोलणे आणि टेबलावर निदान एक वस्तू ठेवून तिच्याविषयी विचारणे, एवढे तरी प्रत्येक निवड मंडळाने करावे, अशी माझी विनंती आहे. यासाठी एक पैसाही खर्च येत नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील निदेशकांनाही एक सुचवावेसे वाटते. प्रशिक्षणार्थी प्रात्यक्षिकाची वही लिहितात, पण तीत जॉबचे, म्हणजे सरावासाठी बनवलेल्या वस्तूचे, चित्र आणि कृती एवढेच असते आणि परीक्षा झाली की ती रद्दीत जाते. त्याच वहीत प्रत्येक जॉबखाली ‘काय चुकले आणि ते कसे दुरुस्त केले’ यासाठी चार ओळींची जागा ठेवावी. दोन वर्षांनी मुलाखतीला निघालेल्या मुलाच्या हाती स्वतःच्या उत्तरांचा साठा असेल आणि तो त्याला पाठ करावा लागणार नाही.

आपल्या नोकरीविषयक पानाला माझा विरोध नाही, ते पान खेड्यापाड्यांत कापून जपून ठेवले जाते हे मी पाहिले आहे. म्हणूनच विनंती अशी की, पुढच्या वेळी नमुना उत्तरांच्या जागी एखादी खरी जाहिरात घ्यावी, त्या जागेवर काम करणाऱ्या एखाद्या कामगाराकडून त्याच्या दिवसभराच्या कामाचा तपशील घेऊन तो तिच्याशेजारी छापावा आणि उत्तराची जागा कोरी सोडावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टूलरूम व्यवस्थापक,
चिंचवड, पुणे