दरवर्षी येणारा अधिक महिना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकलंय. मोबाइल कंपन्यांच्या पंचांगात मात्र तो दरवर्षी येतो. महिन्याचा म्हणून मारलेला रिचार्ज २८ दिवसांत संपतो आणि वर्षाकाठी तेरा रिचार्ज होतात. अधिकात जावयाला वाण तरी देतात. इथं जावई कोण ते कळत नाही, देणारे मात्र आपणच.

हा हिशोब माझ्या डोक्यात आला तो एका रविवारी. तांबडा-पांढरा ओरपून सगळे आडवे व्हायच्या बेतात होते. मी दुधाच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि प्रत्येकाला आपापला रिचार्ज सांगायला लावला. आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात माणसं पाच, फोन पाच, टीव्ही दोन आणि वायफाय. आजवर जो तो आपापल्या फोनवरून पैसे भरायचा, त्यामुळं बेरीज कुणी केलीच नव्हती. पाच फोनचे वर्षाला २०,७३५, वायफायचे कर धरून ९,९१२, केबलचे ६,६०० आणि मुलानं क्रिकेटसाठी घेतलेल्या ओटीटीचे १,४९९. एकूण ३८,७४६ रुपये! यजमान उठून बसले. दुधाचं बिल एवढं झालं असतं तर गवळ्याला दारात उभं केलं नसतं.

त्यातली सगळ्यात मजेची नोंद सासूबाईंची. त्या ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांच्याकडं बटणाचा जुना फोन, हिरव्या बटणावरचा रंगही उडालाय. त्यावर दर २८ दिवसांनी २९९ चा रिचार्ज पडत होता, रोजच्या नेटसकट. त्या फोनवर नेट चालतच नाही! म्हणजे सायकलला दर महिन्याला पेट्रोल घालण्यातला प्रकार. मी दुकानात जाऊन विचारलं तर दुकानदार म्हणतो, "काकू, सगळे हाच मारत्यात की." सासूबाईंचं म्हणणं त्याहून सरळ होतं, "मला लेकीचा आवाज ऐकू आला म्हणजे झालं गं, नेट काय करू?"

नुसत्या बोलण्याचा पॅक आता मिळतो, हे मला मुलाकडून कळलं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नियम बदलून कंपन्यांना बजावलं की बोलणं आणि एसएमएस यांचा पॅक नेटशिवाय वेगळा द्या. अशा पॅकची मुदत पूर्वी ९० दिवसांच्या पुढं जात नव्हती, ती ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. त्याप्रमाणं जानेवारी २०२५ पासून हे पॅक आलेही. आम्ही सासूबाईंना १,८४९ रुपयांचा वर्षाचा घेतला. आधी त्यांच्या फोनला तेरा वेळचे ३,८८७ जात होते. मी दिवसभर घरीच असते, व्हॉट्सॲप वायफायवर चालतं, म्हणून माझ्याही फोनला २९९ ऐवजी तोच मारला. दोघींचे मिळून ४,०७६ रुपये वाचले. घराबाहेर नेट नाही, म्हणून मंडईत मी आता रोख पैसे देते, भाजीवालीची काही तक्रार नाही.

वायफाय असलेल्या घरात प्रत्येक फोनवर रोजचं दीड-दोन जीबी नेट कशाला, हे मला अजून उमगलेलं नाही. रात्री बाराला उरलेलं सगळं वाया. शिळ्या चपातीचा कुस्करा तरी होतो, शिळ्या नेटचं काय करायचं? पण मुलगा आणि सून कामाला बाहेर, त्यांनी ऐकलं नाही. यजमानांना रंकाळ्यावर फिरतानाही व्हिडिओ बघायचे असतात. असोत. शिवाय २०१९ च्या महापुरात शाहूपुरीत नणंदेकडं वीज गेली, त्याबरोबर वायफायही गेलं, हे मी विसरलेले नाही. घरात एखाद्या फोनवर नेट असावंच.

टीव्हीचं तर विचारूच नका. वरच्या खोलीतला टीव्ही गणपतीनंतर कुणी लावलेला नव्हता, त्याचे पैसे सुरूच. मग केबलवाल्याला समोर बसवून पॅक उलगडायला लावला. नुसतं कनेक्शनचं भाडं १३० आणि कर धरून १५३ रुपये ४० पैसे, त्यात दोनशे वाहिन्या. जुलै २०२४ पासून या भाड्यावरची सरकारी मर्यादाही उठली आहे, त्यामुळं आपल्याकडं किती लावतात ते ज्यानं त्यानं विचारून घ्यावं. त्यावर आमच्या गळ्यात लहान मुलांच्या वाहिन्या होत्या, घरात लहान मूल नसताना! सासूबाईंच्या संध्याकाळच्या मालिका तेवढ्या ठेवल्या, वरचं कनेक्शन तोडलं. साडेपाचशेचे तीनशे झाले. क्रिकेटचं ओटीटी वायफायच्या प्लॅनमध्ये आधीच फुकट होतं, चिरंजीव ते दुसऱ्यांदा विकत घेत होते. पन्हाळ्याकडची माझी बहीण तर दूरदर्शनच्या फ्री डिशवर आहे. छत्री आणि बॉक्सचे एकदा पैसे भरले, पुढं दरमहा काही नाही. ती आम्हाला हसते.

सगळं धरून ८,५७५ रुपये वाचले. सासूबाईंच्या बॅलन्समधून मध्येच पैसे कापले जायचे, ते न मागितलेल्या भक्तिगीताच्या कॉलर ट्यूनचे निघाले. १५५२२३ या मोफत नंबरवर तीही बंद करून घेतली.

आता आपल्याकडं एक मागणी. २८ ऐवजी ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा प्लॅनही ठेवा, असा ट्रायचा आदेश जानेवारी २०२२ चा आहे. दरांची तुलना करायला ट्रायचं संकेतस्थळही आहे. पण दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही आणि बटणाच्या फोनवर संकेतस्थळ उघडत नाही. आपलं दैनिक मार्केट यार्डातले गुळाचे सौदे छापतं, पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचात छापतं. तशीच महिन्यातून एकदा रिचार्जच्या दरांची चौकट छापावी, आणि एका दिवसाला किती पडतात तेही छापावं. २९९ भागिले २८ म्हणजे दिवसाला १० रुपये ६८ पैसे, १,८४९ भागिले ३६५ म्हणजे ५ रुपये ७ पैसे. एवढं छापलं तरी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या कात्रण घेऊनच दुकानात जातील. टाइप जरा मोठा ठेवावा.

आपली,
एक वाचक गृहिणी
शिवाजी पेठ, कोल्हापूर