सोप्या मराठीतील कायदेलेखनाचा गौरव

संपादक महोदय,

अमळनेरमधील एका छोट्या वकिली कार्यालयाचा, सोप्या मराठीत केलेल्या कायदेविषयक लेखनाबद्दल, नुकताच गौरव झाला, याचे मनापासून समाधान वाटते. सातबाऱ्यावरील फेरफार (जमिनीच्या हक्कातील बदलाची) नोंद म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, आणि हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क दिला आहे, हे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकीला हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी समजले पाहिजे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, हेही या वकिलांनी (स्वतःच्या फीचा विचार बाजूला ठेवून) आवर्जून लिहिले, हे मला अधिक मोलाचे वाटते. ग्रामपंचायतींनी हे लेख आपल्या फलकावर लावावेत.

— एक वाचक, चोपडा