मोपाच्या ड्युटीवर रुजू झालेल्या धाकट्या भावास

शारजा

चि. संदेश यास अनेक आशीर्वाद.

बांद्याहून गोव्याच्या मोपा विमानतळावर पहाटेची ड्युटी लागल्याचं आईने फोनवर सांगितलं. पाऊस तोंडावर आहे, तेव्हा उड्डाणाआधी विमानाभोवती तपासणीची फेरी मारताना नजरेतून काय निसटतं ते लिहून ठेवतो.

पिटो नळ्यांपासून, म्हणजे हवेच्या दाबावरून वेग मोजणाऱ्या नळ्यांपासून, सुरुवात कर. एअरबस ए३२० ला त्या तीन. विमान दोन-चार दिवस उघड्यावर राहिलं आणि कव्हर नसलं, तर कुंभारीण माशी आत माती भरते. फेब्रुवारी १९९६ मध्ये पुएर्तो प्लाताहून निघालेलं बोइंग ७५७ समुद्रात पडून १८९ माणसं गेली. ते काही दिवस कव्हरविना उभं होतं. एक नळी बुजली असावी, असं तपासात म्हटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात लिमाहून उडालेल्या ७५७ च्या स्टॅटिक पोर्टवर (बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या भोकांवर) धुताना लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली. उंची खोटी, वेग खोटा, ७० मृत्यू. म्हणून पोर्टवर टॉर्च तिरका मारायचा, भोकं स्वच्छ दिसली पाहिजेत. कव्हरला लटकणाऱ्या लाल फिती मोजू नकोस, कव्हर मोज. फीत तुटून पडते आणि कव्हर जागेवरच राहतं. जमिनीवर चाकं मिटू नयेत म्हणून लावलेल्या गिअर पिनांचंही तेच: तीन काढल्या, तर तीन पेटीत दिसायला हव्यात.

फॅन काउलच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, लॅचसाठी मात्र गुडघे टेकावेच लागतात. लॅच इंजिनाच्या पोटाखाली असतात आणि उभ्याने बघितलं तर काउल बंदच वाटतो. २४ मे २०१३ ला हीथ्रोवर एका ए३१९ चे दोन्ही इंजिनांचे काउल उडताना निखळले. इंधनाची नळी फुटून उजव्या इंजिनाला आग लागली. रात्री तंत्रज्ञ सामान आणायला गेले आणि परतले ते दुसऱ्याच विमानापाशी! तिथले काउल बंद दिसले, म्हणजे कुणीतरी लावलेच असणार, असं धरून चालले. काम अर्धं सोडून उठलास, तर परतल्यावर आधी शेपटावरचा नंबर वाच.

ब्रेकची झीज दाखवणारी वेअर पिन पार्किंग ब्रेक लावूनच बघायची. ब्रेक सुटा असला की पिन जास्त बाहेर दिसते आणि संपत आलेला ब्रेकही भरपूर शिल्लक वाटतो. टायरचा दाब थंड चाकावर घ्यायचा. तापलेल्या चाकात तो वाढलेला दिसतो, त्यात हवा कमी असलेला टायर पास होऊन जातो. एकाच आसावरच्या दोन चाकांच्या दाबात फरक दिसला, तर तिथे थांब.

पावसाळ्यात टाकीच्या तळाचं पाणी इंधन भरण्याआधी काढलेलं बरं. भरताना ते ढवळलं जातं, मग लगेच घेतलेल्या नमुन्यात धड दिसत नाही. नमुना उजेडात धरून तळाशी वेगळा थर आहे का बघ.

पार्किंग ब्रेक सुटा असताना आणि लावल्यावर पिन किती सरकते, ते तुझ्या सीनियरला एकदा दाखवायला सांग. कारण विचारशील तर चिडणार नाहीत. चिडले तरी विचार.

आई-बाबांना नमस्कार.

तुझा
दादा